कोल्हापूरहून चार दिवसांत कूर्ग आणि चिकमगळूर दोन्ही होईल का?

होतं. मी केलंय. पण आता कोणी फुकट नेतो म्हणालं तरी तसं जाणार नाही.

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत चार दिवस आहेत, गाडी घरची आहे, बरोबर आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी. कूर्ग, चिकमगळूर आणि जमलं तर म्हैसूर. काही वर्षांपूर्वी आमचा बेत असाच होता. जाऊन-येऊन पंधराशे किलोमीटर झाले. धाकट्याला मडिकेरीच्या (कूर्गचं मुख्य गाव) वळणांवर तीनदा उलटी झाली, ॲबी धबधब्यावर पोचलो तर गेट बंद करायची वेळ झालेली, आणि कॉफीचं झाड बघितलं ते गाडीच्या काचेतून. घरी आल्यावर आई म्हणाली, "कॉफी बघायला गेलतो नव्हं रं आपण?"

दुसऱ्या खेपेला फक्त चिकमगळूर केलं. तुम्हीही तेच करा. कोल्हापूरहून साधारण पाचशे किलोमीटर, म्हणजे पहाटे निघालं तर दिवसाउजेडी पोच. मडिकेरी तिथून पुढे आणखी दीडशेच्या वर. शिवाय कूर्गच्या फेरीतली ठिकाणं चारी दिशांना पांगलेली: कावेरीचा उगम, तलकावेरी, एका अंगाला, बैलकुप्प्याचा तिबेटी मठ दुसऱ्या अंगाला. कूर्गला वेगळे तीन मुक्काम ठेवून कधीतरी जा. तिथली पंदी करी, म्हणजे डुकराचं मटण, आणि तांदळाची अक्की रोटी हा स्वतंत्र विषय आहे; तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसानं एकदा खाऊन बघावा.

रस्ता सरळ आहे. बेळगाव, धारवाड, हावेरी, राणेबेन्नूर, हरिहर. हरिहरला हायवे सोडून शिमोगा, भद्रावती, तरीकेरे करत चिकमगळूर. धारवाड-हुबळी बायपासला जपून चालवा. लोण्याचा डोसा खायचाच असेल तर हरिहरहून दावणगेरे जवळ आहे, पण आम्ही तो मोह टाळला, कारण घाटातून अंधारात जायचं नव्हतं. रेल्वेचं म्हणाल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेस पूर्वी कोल्हापुरातूनच सुटायची, आता मिरजेत पकडावी लागते. ती कडूरला मध्यरात्रीनंतर सोडते आणि तिथून पुढे चाळीस किलोमीटर टॅक्सी. आई-बाबांना घेऊन नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राहायचं कुठे. शहरातलं हॉटेल घेऊ नका. कॉफीच्या मळ्यातलं घर बघा, जिथं मालक स्वतः राहतो आणि शेतीही करतो. फोनवर एकच विचारा: "तोडणी चालू आहे का, आणि आम्हाला बघू द्याल का?" याचं उत्तर जो खुशीनं देईल तिथं जा. स्विमिंग पूल आहे का, हे विचारलंच नाही तरी चालेल.

जानेवारी तुम्ही नकळत का होईना, चांगला निवडलाय. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. चिकमगळुरात अरेबिका जास्त. तिची तोडणी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते, आणि रोबस्टा त्यामागून. आम्ही सकाळी साडेसातला धुक्यातच बाहेर पडलो. वर सिल्व्हर ओकची उंच झाडं, त्यांच्या खोडांना मिरीचे वेल चढलेले, आणि त्या सावलीत डोक्याएवढ्या उंचीची कॉफीची झुडपं. फळं फांदीला गच्च चिकटलेली, काही लाल, काही अजून हिरवी. बायका कमरेला पिशवी बांधून फक्त लाल तेवढी तोडत होत्या. मालकानं आमच्या हातावर एकेक फळ ठेवलं. दाबलं की साल फुटते आणि बुळबुळीत दोन बिया बाहेर येतात, पोटाला पोट लावून बसलेल्या. आईनं चोखून बघितली. "ही तर गोडच की रं!" कॉफीची चव त्या फळात नावालाही नसते. ती नंतर भाजण्यात येते.

दुपारी वाळवणाच्या अंगणात गेलो. आपल्या खळ्यासारखंच, फक्त सिमेंटचं. एका बाजूला अख्खी फळं वाळत होती, काळपट, मनुक्यासारखी; त्याला दोन-तीन आठवडे लागतात. दुसऱ्या बाजूला साल काढून, आंबवून, धुतलेल्या बिया पांढुरक्या कवचासकट पसरलेल्या. माणूस लाकडी दाताळं घेऊन तासातासाला त्या खालीवर करत होता. आमचा धाकटा, ज्याला मागच्या खेपेला उलट्यांशिवाय काही आठवत नाही, तो तासभर त्या दाताळ्याला लोंबकळत होता. तुमच्या मुलीचंही तेच होईल.

राजर्षी शाहूंनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून बघितले होते, हे मला तिथं उभं असताना आठवलं. ते जमून गेलं असतं तर हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागला नसता.

एक दिवस डोंगराला द्या. मुळ्ळय्यनगिरी १९३० मीटर, कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर. आपलं कळसूबाई १६४६. गाडी बरीच वर जाते, पण शेवटी चार-पाचशे पायऱ्या आहेत. आमच्या आईचे गुडघे दुखतात, ती खालीच थांबली आणि तिचं काही अडलं नाही. खालूनही सगळ्या डोंगररांगा दिसतात. गाड्यांवर बंधनं असतात, मालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवा. शेजारीच बाबा बुडनगिरी. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संतांनी हजहून येताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि इथं लावल्या, असं सांगतात. त्याच जागी दत्तात्रेयांचंही पीठ मानतात, त्यामुळे नरसोबाच्या वाडीला जाणारे आपले लोक हमखास जातात. फक्त दत्तजयंतीच्या दिवसांत पर्यटक म्हणून तिकडे फिरकू नका, तेव्हा बंदोबस्त असतो.

बेलूर-हळेबीडला मात्र अर्धा नाही, पूर्ण दिवस. बेलूर चिकमगळूरहून पंचवीस किलोमीटर, हळेबीड तिथून सोळा. दोन्ही होयसळ राजांची देवळं, २०२३ साली युनेस्कोच्या यादीत आली. तुम्ही खिद्रापूरचं कोपेश्वर बघितलं असेलच. तो आपला काळा कातळ, टणक. बेलूरचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहून कडक होत जातो, म्हणून बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातल्या मदनिकांच्या, म्हणजे कोरलेल्या सुंदरींच्या, अंगावरचे दागिने सोनारानं घडवल्यासारखे सुटे दिसतात. कारागिरांनी मूर्तींखाली आपली नावंही कोरून ठेवलीत. मुलीला देवळाच्या तळाशी असलेली हत्तींची रांग मोजायला लावा, तेवढ्यात तुम्हाला निवांत बघता येईल. आणि प्रत्येकाला मोजे घ्या. अनवाणी फिरावं लागतं आणि दुपारी फरशी अशी तापते की बाबा देव सोडून सावली शोधायला लागतात.

आई-बाबा शंकराचार्यांच्या शृंगेरीचं नाव काढणारच. चिकमगळूरहून नव्वदएक किलोमीटर, सगळी वळणं. जाऊन-येऊन करू नका. तिसरा मुक्काम शृंगेरीत टाका, संध्याकाळी तुंगेच्या घाटावर मासे बघा आणि चौथ्या दिवशी तीर्थहळ्ळी-शिमोगावरून थेट घर. यात केम्मनगुंडी आणि हेब्बे धबधबा बसत नाही, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हेब्बेला शेवटचा टप्पा जीपनं हाडं खिळखिळी करत जातो.

कॉफी घेताना पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती टक्के ते वाचा. लिहिलेलं असतंच, आणि निम्म्याच्या जरा आतपर्यंत चालते. मी पहिल्यांदा न बघता घेतली, ती घरी कडू काढ्यासारखी लागली. आता ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी अशी घेतो. सोबत पितळेचा किंवा स्टीलचा फिल्टर तिथंच घ्या. आपली चहाची गाळणी वापरून बघितली, कपात निम्मा चोथा आला.

जानेवारी हुकलाच तर मार्च-एप्रिल बघा. वळवाचा एक पाऊस पडला की आठवड्याभरात सगळा मळा पांढराशुभ्र फुलतो, मोगऱ्यासारखा वास येतो आणि तीन-चार दिवसांत सगळं संपतं. ती तारीख कोणी सांगू शकत नाही, मालकाशी फोनवर संपर्कात राहावं लागतं. जून ते सप्टेंबर जळवा असतात, लहान मुलीला घेऊन नका जाऊ.