चित्र उलटं कर

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू गेलीस आणि तुझी वही इथेच राहिली. पहिल्या पानावर ‘संभाजीनगरातल्या खासगी आर्ट गॅलऱ्या’ आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह. गॅलऱ्याच नव्हत्या तर इतिहास कुठून आणू, म्हणालीस.

पाट्या शोधत फिरलीस तर औरंगपुऱ्यापासून उस्मानपुऱ्यापर्यंत हाती काही लागायचं नाही. फ्रेमवाले शोध. मुंबईत केकू गांधींचा धंदाही आधी फ्रेमांचाच. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची केमोल्ड गॅलरी आली ती १९६३ साली. आमच्या फ्रेमच्या दुकानात पर्यटकांना अजिंठ्याच्या पद्मपाणीच्या नकला विकायच्या आणि त्या कमाईवर मागच्या भिंतीला कला महाविद्यालयातल्या पोरांची चित्रं टांगायची. विकलं तर तिसरा हिस्सा माझा. पैसे कधी उशिरा दिले, बुडवले नाहीत. त्या भिंतीला कुणी गॅलरी म्हटलं नाही, मीही नाही.

कागद सापडत नाहीत म्हणतेस. चित्र उलटं केलंस का? बिलबुकं वाळवीनं खाल्ली, पण पाठीवर फ्रेमवाल्याची चिठ्ठी असते, प्रदर्शनातला नंबर असतो, पेन्सिलीनं लिहिलेली किंमत असते. किंमत खोडून कमी केलेली दिसली तर आधी ती टिपून घे, धंदा कसा चालला होता ते तिथं कळतं. लोकांच्या घरी जा, चहा घे, कौतुक आटप आणि चित्र उलटं कर. तीन महिन्यांत एकही उलटं केलं नाहीस! रागावलो नाही. बरं, थोडा रागावलोय.

कारण मीच चुकलोय. जुनं चित्र नव्या फ्रेमसाठी आलं की मागचा पुठ्ठा खिळ्यांसकट उचकटून फेकायचो. एकदा एका वकिलांकडचं तैलचित्र आलं. पाठीवर हैदराबादच्या दुकानाची उर्दू चिठ्ठी, अर्धी सुटलेली. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. तेव्हा इथल्या दिवाणखान्यांत चित्रं कुठून येत, त्याचा एक धागा माझ्या हातात होता. मी ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि वर नवा प्लाय ठोकला. गिऱ्हाइकाला स्वच्छ हवं होतं. पुठ्ठ्याला वाळवी होती, तसाच ठेवला असता तर चित्रही गेलं असतं. चिठ्ठी तेवढी कापून ठेवता आली असती, पण.

रविवारी ये, वही घेऊन जा. येताना बारीक पकड आण. सासऱ्यांकडून आलेलं ते नदीकाठचं चित्र चाळीस वर्षं आमच्या भिंतीवर आहे. तेही मी अजून उलटं केलेलं नाही.