वेगवेगळ्या वंशांचे कष्टकरी आर्थिक न्यायासाठी खरंच एकत्र येतात का?

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो, कॅलिफोर्नियातल्या डेलानोचं. तिथे एकत्र आले होते.

डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांच्या टोळ्या वेगळ्या, मुकादम वेगळे. एकांनी संप केला की मळेवाले दुसऱ्यांना कामावर आणत. युनियन करण्याचा हक्क देणाऱ्या 1935 च्या कामगार कायद्यातून शेतमजूर वगळलेलेच होते, त्यामुळे दाद मागायलाही जागा नव्हती.

8 सप्टेंबर 1965 ला लॅरी इटलिऑंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी काम बंद केलं. मागणी तासाला 1.40 डॉलर आणि पेटीमागे 25 सेंट. त्यातले बरेच जण उतारवयाचे, बिनलग्नाचे. कॅलिफोर्नियात 1948 पर्यंत त्यांना गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्याने मनाई होती. या संपाला बळ हवं म्हणून इटलिऑंग मेक्सिकन मजुरांचे नेते सेझार चावेझ यांच्याकडे गेले. चावेझ यांची संघटना नवी होती, एवढ्या मोठ्या संपाची तिची तयारी नव्हती. पण गप्प बसले असते, तर त्यांचीच माणसं संपफोडी ठरली असती. 16 सप्टेंबरला चर्चच्या सभागृहात मेक्सिकन मजुरांनी संपात उतरायचं ठरवलं.

ठराव तिथे झाला, पण माझ्या मते एकी रुजली ती फिलिपिनो हॉलच्या स्वयंपाकघरात. दोन्हीकडचे संपकरी रोज तिथे एकत्र जेवायचे आणि मळ्यांच्या कडेला एकाच रांगेत उभे राहायचे. 1966 मध्ये फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांच्या दोन्ही संघटना एक झाल्या, द्राक्षांवरचा बहिष्कार देशभर पसरला आणि जुलै 1970 मध्ये डेलानोच्या मळेवाल्यांना करार करावे लागले.

पुढचं फारसं कुणी सांगत नाही. नव्या युनियनचे प्रमुख चावेझ झाले, इटलिऑंग त्यांच्या हाताखाली. करारानंतर कामाचं वाटप युनियनच्या कचेरीतून होऊ लागलं आणि वर्षानुवर्षं जोडीने राबलेल्या फिलिपिनो टोळ्या फुटल्या. संख्येने मेक्सिकन कितीतरी जास्त, त्यामुळे फिलिपिनोंचं म्हणणं मागे पडत गेलं. 1971 मध्ये इटलिऑंग बाहेर पडले. संपाची पहिली ठिणगी ज्यांनी टाकली त्यांच्या वाट्याला हे यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या डोळ्यांसमोर एखादी आघाडी असेल, तर तिची मागणीपत्रकं नंतर वाचा. आधी बघा, त्यातल्या सगळ्यात लहान गटाच्या हातात नेमका कुठला निर्णय आहे: करारावर सही कोण करतं, पैशाचा हिशेब कुणाकडे आहे, कामाची यादी कोण लावतं.