दोन कमांड का लागतात?

प्रिय,

तुझी मेल वाचली. लिनक्स सर्व्हरची डिस्क भरली म्हणून तू एलव्हीएक्स्टेंड (व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा नेमून दिलेला भाग, वाढवणारी कमांड) चालवलंस, ते विनातक्रार पार पडलं, तरी डीएफमधला (मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडमधला) आकडा जागचा हलेना. मग टीममधल्या कुणीतरी सांगितलं की रीसाइज-टू-एफएसही (फाइल सिस्टिम वाढवणारी कमांड) चालव, आणि जागा दिसू लागली. काम झाल्यावरही ‘एकाच कामाला दोन कमांड का?’ हा प्रश्न तुझ्या डोक्यातून गेला नाही, याचा मला फार आनंद झाला. म्हणून सविस्तर लिहितो.

या दोन कमांड दोन वेगळ्या थरांवर काम करतात: वर फाइली मांडणारी फाइल सिस्टिम, खाली डिस्कची जागा वाटून देणारा व्हॉल्यूम मॅनेजर. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या अडचणींपायी, वीसेक वर्षांच्या अंतराने ते रचले.

पहिला थर, फाइल सिस्टिम, १९६९ सालचा, न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमधला. केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि रड कॅनडे यांनी फाइल सिस्टिमचा आराखडा आधी फळ्यावर मांडला. तो चालवायला पीडीपी-७ हे फारसं कुणी न वापरणारं मशीन नंतर मिळालं. त्यांच्या मांडणीचा गाभा आजही तुझ्या सर्व्हरवर आहे: फाइलचं नाव फाइलमध्ये नसतं. मालकी, परवानग्या, आकार आणि डेटा कोणत्या ब्लॉकांत (डिस्कच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत) आहे ते पत्ते, हे सगळं आयनोड नावाच्या वेगळ्या नोंदीत असतं. डिरेक्टरी म्हणजे फक्त ‘हे नाव, हा आयनोड क्रमांक’ अशी यादी. त्यांच्या युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत या यादीतली एक नोंद १६ बाइटची होती: २ बाइट क्रमांकाला, १४ नावाला. त्यामुळे नाव १४ अक्षरांपलीकडे जात नसे. आयनोड ६४ बाइटचा आणि त्यात १३ पत्ते. पहिले १० थेट डेटाचे. उरलेले तीन पत्त्यांनी भरलेल्या ब्लॉकांकडे नेणारे, एक, दोन आणि तीन पायऱ्यांनी. लहान फाइल झटकन सापडते आणि मोठीलाही जागा पुरते. मला ही रचना अजूनही देखणी वाटते.

मी नवीन असताना एका कंपनीत रात्री दोन वाजता डिस्क शंभर टक्के भरली. मी सगळ्यात मोठी लॉग फाइल उडवली. एक बाइटही सुटला नाही. घाबरून आणखी फाइली उडवल्या, त्यांत सकाळी लागणारा एक अहवालही गेला. फाइल उडवणाऱ्या आरएम कमांडने फक्त नाव पुसलं होतं. प्रोग्रामने ती लॉग फाइल उघडून धरली होती, म्हणून आयनोड जिवंत होता आणि जागा अडलेलीच होती. प्रोग्राम रीस्टार्ट केल्यावर ती सुटली. आयनोड म्हणजे काय, ते मला त्या रात्री समजलं.

जुनी फाइल सिस्टिम संथ होती. मोकळ्या ब्लॉकांची यादी वापराने विस्कटायची, एकाच फाइलचे तुकडे डिस्कभर पांगायचे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी मोजलं, तेव्हा सेकंदाला १७५ किलोबाइटचा वेग काही आठवड्यांत ३० वर आलेला दिसला. मग कर्क मॅक्युझिक आणि सहकाऱ्यांनी ब्लॉक मोठे केले, डिस्कचे सिलिंडर गट (जवळजवळच्या भागांचे गट) पाडले, एका डिरेक्टरीच्या फाइली शक्यतो एका गटात ठेवल्या. १९८३ च्या ४.२ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्सबरोबर ही सिस्टिम बाहेर पडली.

पण या सगळ्यांचं एक गृहीतक होतं: खाली शून्यापासून क्रमाने मोजलेले ब्लॉक आहेत, आणि त्यांची संख्या ठरलेली आहे. पार्टिशन भरलं की बॅकअप घ्या, मोठं पार्टिशन करा, सगळं परत ओता. यावर उपाय म्हणून दुसरा थर, व्हॉल्यूम मॅनेजर, आला. आयबीएमने १९९० च्या सुमारास आपल्या एआयएक्स या युनिक्समध्ये तो दिला, पुढे एचपीच्या एचपी-यूएक्समध्ये आला, आणि १९९८ मध्ये हाइन्झ माउल्सहागेन यांनी एचपीच्याच धर्तीवर लिनक्ससाठी लिहिला. तो डिस्कचे सारखे तुकडे पाडतो (लिनक्सवर सहसा ४ एमबीचे) आणि वरच्या थराला सलग रांग दाखवतो. प्रत्यक्षात अर्धी रांग एका डिस्कवर असेल, अर्धी दुसऱ्या. फाइल सिस्टिमला पत्ताच नसतो. बर्कलीने डिस्कची प्रत्यक्ष रचना बघून केलेली काटेकोर आखणी इथे बरीचशी फुकट जाते, याचं मला वाईट वाटतं.

तुझं उत्तर इथेच आहे. एलव्हीएक्स्टेंडने रांग लांबवली. पण ‘माझे एकूण ब्लॉक इतके’ हा आकडा फाइल सिस्टिमच्या सुपरब्लॉकमध्ये (तिची स्वतःची माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकमध्ये) लिहिलेला असतो. तो बदलला रीसाइज-टू-एफएसने. एलव्हीएक्स्टेंडला ‘-आर’ लावलं तर दोन्ही एका दमात होतं, पण आत कामं दोनच.

जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत झेडएफएस ही फाइल सिस्टिम सुरू केली, ती हे दोन थर एकत्र करूनच. डिस्क एका सामायिक साठ्यात, पूलमध्ये, टाकायची, सगळ्या फाइल सिस्टिम त्यातूनच जागा घेतात. ती नंतर कर. आधी हे वेगळेपण डोळ्यांनी बघ.

रविवारी लॅपटॉपवर एका व्हर्च्युअल मशीनला एक-एक जीबीच्या दोन डिस्क जोड. दोन्ही एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (डिस्कांच्या एकत्र गटात) घे, त्यात दीड जीबीचा व्हॉल्यूम कर, ‘एलव्हीएस -ओ +डिव्हायसेस’ने कोणता तुकडा कुठल्या डिस्कवर पडला ते बघ. मग त्यावर फाइल सिस्टिम बनवून, माउंट करून, एरर येईपर्यंत रिकाम्या फाइली तयार कर आणि किती आयनोड उरले ते दाखवणारं ‘डीएफ -आय’ चालव. जागा मोकळी असूनही ‘जागा नाही’ असा एरर कितव्या फाइलला आला, ते मला कळव.

तुझा,
काका