सेलेनियम घेतल्याने अंडाशयाचं काम सुधारतं का?

वय ३४, एएमएच (बीजांडांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारं हार्मोन) कमी आलाय, मैत्रिणीने सेलेनियम सुचवलंय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी नौपाड्यात मेडिकलच्या काउंटरवर असते, बी.फार्म. आहे. आणि या गोळ्यांवरून आमच्या घरात कडाक्याचं भांडण झालेलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

एएमएच त्याने वाढेल ही आशा सोडा. बीजांडांचा साठा आपण जन्माला येतानाच घेऊन येतो, गोळीने त्यात भर पडत नाही. सेलेनियमचं काम वेगळं. फॉलिकल म्हणजे अंडाशयातली, बीजांड वाढवणारी छोटी पिशवी. तिच्यातल्या ग्रॅन्युलोसा पेशी इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवतात. या धावपळीत पेशीला घातक असं पेरॉक्साइडही तयार होतं आणि ते निपटायला ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम लागतं, ज्याच्या गाभ्यात सेलेनियम असतं. ॲडलेडच्या संशोधकांना गायीच्या अंडाशयात मोठ्या, निरोगी फॉलिकलमध्ये सेलेनियम जास्त सापडलं. प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या गायीच्या पेशींना सेलेनियम दिल्यावर इस्ट्राडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, वाढल्याचंही दिसलंय. पण बशीतली गाय वेगळी आणि ऐरोलीतली बाई वेगळी.

ऐरोलीतली बाई म्हणजे माझी वहिनी. पाळणा हलत नव्हता, त्यामुळे जो भेटेल तो काहीतरी सुचवायचा. एका रविवारी गेले तर डायनिंग टेबलावर स्टीलच्या डब्यात तीन वेगवेगळ्या स्ट्रिप्स. एक डॉक्टरांची मल्टिव्हिटॅमिन, एक आत्याने दिलेली ‘अँटिऑक्सिडंट’, एक केसांसाठी. शिवाय वाशीच्या मसाला मार्केटातून दादाने आणलेले ब्राझील नट, रोज मूठभर. मी स्ट्रिप्स उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचली. तिन्हीत सेलेनियम! मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणी ६०, आणि ४०० च्या वर जाऊ नये. एका ब्राझील नटमध्येच ५० ते ९० असू शकतं, कधी त्याहूनही जास्त. वहिनीचे केस कंगव्यात गुच्छाने येत होते, नखं फुटत होती आणि तोंडाला लसणासारखा वास. सेलेनियम जास्त झाल्याची ही पुस्तकी लक्षणं. आणि केस गळतात म्हणून ती केसांची गोळी घेत होती, ज्यात पुन्हा सेलेनियम!

डॉक्टरांना दाखवून गोळ्या बंद केल्या. पण मी त्या दिवशी दादाला आणखी एक विचारलं, तुझा रिपोर्ट कुठे आहे? तो जो तापला! आत्या म्हणाली, नणंदेने असलं बोलू नये. का बोलू नये? सेलेनियमचंच बोलायचं तर शरीर ते टंचाईतही वृषणाला आधी पोचवतं. शुक्राणूच्या मानेजवळ, जिथे त्याचं इंजिन असतं, तिथल्या आवरणाचा मोठा भाग सेलेनियमवाल्या जीपीएक्स४ या प्रथिनाचा असतो. ते कमी पडलं की शेपूट वाकडी, हालचाल मंद. म्हणजे ज्या खनिजावरून बाईच्या डब्यात तीन स्ट्रिप्स येतात, ते बाप्याला तितकंच लागतं, पण त्याला कोणी साधी वीर्यतपासणी कर म्हणत नाही. दादाने शेवटी केली. हालचाल कमी निघाली. तरी आजही तो म्हणतो की मी गोळ्या बंद करायला लावल्या म्हणून उशीर झाला. म्हणू दे.

तुमच्या प्रश्नातही नवऱ्याचा उल्लेख नाही. त्यांची तपासणी आधी करून घ्या. स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही.

खाण्यातून घ्यायचं तर अंडी, बांगडा, तारली, चिकन यांतून आरामात मिळतं. शाकाहारी असाल तर धान्य-डाळींतून, पण ते जमिनीवर ठरतं. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडे मातीत इतकं सेलेनियम आहे की तिथल्या पिकांत ते गरजेपेक्षा जास्त उतरतं.

हो, एक राहिलं. पीसीओएसमध्ये (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) सेलेनियमवर चाचण्या झाल्यात, निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एकीत तर इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, वाढलेला दिसला. घरात मधुमेह असेल तर आपल्या मनाने २०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करू नका. थायरॉइडच्या टी४ हार्मोनपासून जास्त प्रभावी टी३ करणारी एन्झाइम्सही सेलेनियमचीच आहेत आणि थायरॉइड बिघडला की पाळी बिघडते, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघितला नसेल तर तो करा. केसांची गोळी चालू असेल तर लॅबवाल्याला आधी सांगा. त्यातल्या बायोटिन या व्हिटॅमिनमुळे टीएसएच चुकीचा येऊ शकतो, दोन-तीन दिवस आधीपासून ती बंद ठेवायला सांगतील.