रहू (मोड आणलेले भाताचे बी) पेरलेल्या भातावर बदके उतरतात, काय करावे?

प्रश्न (गोराई-मनोरी भागातील भात उत्पादक): जूनमध्ये खारजमिनीत रहू पेरला की रात्री बदके उतरतात, सकाळी जागोजागी मोड गायब. हिवाळ्यात मात्र थवे येऊनही नुकसान दिसत नाही. बंदोबस्त कधी करावा?

उत्तर: ही दोन्ही वेळची बदके बहुतेक वेगळी आहेत. पावसाळ्यात अंधार पडल्यावर शीळ घालत उतरते ती अडई, सोबत कधी हळदी-कुंकू बदक. ही इथलीच. तलवार बदक, थापट्या हे पाहुणे ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे परततात. जूनचा आळ त्यांच्यावर नको.

बदकांचे खाणे ऋतूप्रमाणे बदलते. अंड्यांच्या दिवसांत मादीला प्रथिने लागतात, म्हणून गोगलगायी, किडे, अळ्या जास्त खाल्ल्या जातात. पिल्लेही सुरुवातीला किड्यांवरच वाढतात. थंडीत भर तणांच्या बियांवर आणि सांडलेल्या दाण्यांवर. म्हणजे कापणीनंतर आलेला थवा पाखड या तणाचे बी वेचत असतो, त्याला हाकलण्यात तुमचाच तोटा. थापट्या तर रुंद चोचीने पाणी गाळून बारीक जीव खातो.

अडई मात्र मुळातच दाणे आणि कोवळे कोंब खाणारी. उथळ पाण्यात मोड आलेले भात आयते मिळाले तर ती का सोडेल? तेव्हा खरा धोका पेरणीनंतरचे दोन आठवडे, तेवढेच सांभाळा. चिखलणी करताना जमीन नीट सपाट करा; बदके पाणी साचलेल्या खळग्यांतच आधी उतरतात. पेरल्यावर पाणी काढून टाका, मुळे धरल्यावरच हळूहळू भरा. रात्री राखण ठेवा, चमकणाऱ्या फिती बांधा आणि त्यांची जागा बदलत राहा, नाहीतर पक्षी सरावतात. शक्य असेल तिथे सरळ रोपवाटिका करून लावणी करा. छोटी रोपवाटिका राखणे सोपे. आडव्या पडलेल्या पिकाचे दाणेही बदके खातात, म्हणून कापणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी काढा.

बारीक नायलॉनची जाळी नको, त्यात पक्षी अडकून मरतात. विषारी दाणे तर मुळीच नकोत: वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार रानबदके मारणे गुन्हा आहे, आणि ते विष तुमच्या कोंबड्यांपर्यंतही पोहोचते. बांधावरच्या गवतात किंवा झाडाच्या ढोलीत घरटे दिसले तर हात लावू नका. जखमी पक्षी सापडल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.