आधी सावली, मग कोंबड्या

प्रिय पोरी,

तुझी यादी वाचली. सहा कोंबड्या, दोन उंच वाफे, टोमॅटो, मिरच्या, कढीपत्त्याचं झाड, आणि सगळं येत्या मे महिन्यात सुरू. नव्या घराच्या अंगणात काहीतरी जिवंत असावं असं तुला वाटतंय, याचं मला फार अप्रूप आहे. म्हणूनच स्पष्ट सांगते: मे महिन्यात यातलं काहीएक करू नकोस.

आपल्या अंगात मृगाची पेरणी भिनलेली असते. उन्हाळा सोसायचा, जूनमध्ये ढग भरून आले की कामाला लागायचं. ॲरिझोनातल्या या फिनिक्समध्ये तसं केलंस तर जुलैपर्यंत सगळं करपेल. इथे वर्षभरात पाऊस पडतो तो जेमतेम सात-आठ इंच. १५ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत मॉन्सून म्हणतात खरा, पण त्यात पाण्यापेक्षा धूळच जास्त. २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ११० फॅरेनहाइटवर, म्हणजे आपल्या ४३ अंशांच्या पुढे होता, आणि त्यातल्या कित्येक रात्री तो ९०च्या खालीही उतरला नाही. झाडाला काय किंवा कोंबडीला काय, दिवसापेक्षा ही रात्रच जास्त मारते, कारण सावरायला वेळच मिळत नाही. तेव्हा इथला हंगाम ऑक्टोबर ते मे असाच धर. जुलै-ऑगस्टमध्ये जे आहे ते जगवायचं, एवढंच काम.

या उन्हाळ्यात तुझ्यासाठी एकच अभ्यास आहे. दुपारी चार वाजता मागच्या दारी उभी राहा आणि सावली कुठे पडते ते बघ. जूनमध्ये बघ, ऑगस्टमध्ये परत बघ. पश्चिमेचं ऊन इथला खरा वैरी. आणि इथल्या अंगणांना सिमेंटच्या ठोकळ्यांची जी कुंपणभिंत असते, तिला संध्याकाळी हात लावून बघ. दिवसभर प्यालेली उष्णता ती रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत असते. तिच्या कुशीत खुराडं बांधलंस तर कोंबड्या रात्रभर शेकून निघतील. घराची पूर्व किंवा उत्तर बाजू बघ. मोठ्या झाडाखाली जागा मिळाली तर त्याहून उत्तम.

झाड नसेल तर ऑक्टोबरमध्ये लाव. इथलंच मेस्किट घे, मखमली पानांचं, ज्याला व्हेल्वेट मेस्किट म्हणतात. भराभर वाढणाऱ्या संकरित जाती मोहात पाडतात, पण बुंध्याशी रोज थोडं थोडं पाणी मिळालं की त्यांची मुळं वरवरच राहतात आणि मॉन्सूनच्या वावटळीत अख्खं झाड आडवं होतं. झाड मोठं होईपर्यंत शेडनेट ताण.

आता कोंबड्यांचं. २०२४ साली ॲरिझोनात कायदा झाला. अर्ध्या एकरापर्यंतच्या जागेत स्वतंत्र घर असेल तर सहा कोंबड्या पाळायला शहराला मनाई करता येत नाही. कोंबड्याला, म्हणजे नराला, मात्र शहर बंदी घालू शकतं. तुमच्या एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाचे, नियम या कायद्याबाहेरचे, ते आधी नीट वाच.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. उष्णता बाहेर टाकायची ती तुऱ्यातून, पायांतून आणि धापा टाकून. म्हणून इथे मोठ्या तुऱ्याच्या, हलक्या अंगाच्या जाती टिकतात: लेगहॉर्न, इजिप्तची फायोमी, मानेवर पिसं नसलेली नेकेड नेक. तुला फोटोत आवडलेल्या गुबगुबीत ब्रह्मा आणि कोचिन थंड प्रदेशातच सुखात राहतात. पायापर्यंत पिसं असलेल्या जिवाला इथल्या उन्हात ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं.

खुराडं बंद लाकडी खोलीसारखं नको. छप्पर पक्कं, आणि बाजूंना जाळीच जाळी, म्हणजे वारा खेळता राहील. जाळी मात्र जाड तारेची, बारीक चौकोनांची घे. इथे कायोटी आहेत, बॉबकॅट आहेत, दिवसा ससाणे आणि रात्री घुबडं. साधी षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही.

पिल्लांचा बाजार भरतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. मी म्हणेन, ऑक्टोबरमध्ये मिळाली तर तेव्हाच घे. तोवर तुझी सावलीही उभी राहिलेली असेल आणि पहिल्या उन्हाळ्याआधी त्यांना वाढायला अख्खा हिवाळा मिळेल.

उन्हाळ्यात पाणी हेच औषध. दोन-तीन ठिकाणी ठेव, सगळी सावलीत, आणि दुपारी त्यात बर्फ टाक. गरम झालेल्या पाण्याला कोंबडी फारसं तोंड लावत नाही. पाइपमधलं पाणी थेट भांड्यात सोडू नकोस. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं कढत असतं. ते आधी मोकळ्या जमिनीवर जाऊ दे, बोटाला गार लागलं की मग भांडं भर. रोपांनाही हाच नियम. खाणं पहाटे आणि संध्याकाळी, कारण पचनानेही अंग तापतं. पाण्याचे फवारे, मिस्टर, जूनच्या कोरड्या हवेत छान काम करतात, पण मॉन्सूनची दमट हवा आली की नुसता चिखल होतो. तेव्हा पंखाच कामाला येतो.

पंख अंगापासून सुटे धरून चोच उघडी ठेवून धापा टाकणं इथे रोजचंच आहे. घाबरायचं केव्हा, तर कोंबडी हलेनाशी झाली, डोळे मिटू लागली, चालताना तोल जायला लागला तर. मग क्षणभरही थांबू नकोस. बादलीत साधं गार पाणी घे, बर्फाचं नको. तिला दोन्ही हातांनी धरून पाय आणि पोट बुडेल अशी उतरव, डोकं पाण्याबाहेर ठेव, बोटांनी पोटाच्या पिसांच्या आत पाणी जाऊ दे. वरची पिसं पाणी झटकतात, कातडीपर्यंत ओल पोचली तरच उपयोग. शांत झाली की घरात, पंख्याखाली.

उन्हाळ्यात अंडी कमी होतील, कवचं पातळ होतील. धापा टाकण्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड फार निघून जातो आणि कवच घडवायला लागणारं कार्बोनेट रक्तात कमी पडतं, खाणंही उतरलेलं असतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव आणि वाट बघ.

तुझ्या अंगणाच्या कडेला कण्हेर आहे, गुलाबी फुलांची. इथे कुंपणाला सर्रास लावतात. ती विषारी आहे. कोंबड्या तिथे पोचणार नाहीत अशी आडजाळी आधी घाल, छाटलेली पानं गोळा करून कचऱ्यात टाक, खतात नको.

बागेचं सांगते. उंच वाफे ओल्या प्रदेशासाठी ठीक. इथे ते चारी बाजूंनी तापतात आणि वाळतात. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातले मूळ रहिवासी झुनी लोक चहूबाजूंनी मातीचे बांध घातलेले खोलगट चौकोनी वाफे करत आले आहेत. आपल्या आळ्यासारखंच, पाणी आत धरून ठेवणारं. खणताना थोड्या खोलीवर चुनखडीचा पांढरा, दगडासारखा थर लागू शकतो, त्याला इथे कॅलिची म्हणतात. खड्डा पाण्याने भर; दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर ती जागा सोड. खणताना माती किंचित ओली कर आणि तोंडाला मास्क लाव. इथल्या धुळीत व्हॅली फिव्हर नावाच्या आजाराची बुरशी असते, ती फुप्फुसात जाते. हे हयगय करण्यासारखं नाही.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, वाटाणा हे सगळं ऑक्टोबरपासून. टोमॅटोची रोपं फेब्रुवारीच्या मध्यानंतर, कडाका सरला की लगेच. रात्री तापू लागल्या की फळधारणा थांबते, त्याआधी पीक हाती यायला हवं. उन्हाळ्यात भेंडी, गवार आणि चवळी. शेवगा तर इथे इतका खूष असतो की छाटून छाटून हात दुखतात. डाळिंब आणि अंजीरही लाव.

कढीपत्त्याचं रोप किंवा ताजी पानं भारतातून मुळीच आणू नकोस, दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्यांकडूनही नको. त्यावर सिलिड नावाची बारीक कीड राहते, ती संत्र्या-लिंबांच्या बागा मारणारा रोग पसरवते, आणि या खोऱ्यात घराघरात लिंबूवर्गीय झाडं आहेत. इथल्याच परवानाधारक नर्सरीतून घे.

कोंबडखत ताजं घालू नकोस. ते जहाल असतं आणि त्यात क्षार फार. इथलं पाणी आणि माती आधीच खारवट. सुक्या पानांत मिसळून, ओलसर ठेवून काही महिने कुजव, मगच वापर, तेही हात राखून. मातीवर पांढरी पापुद्री दिसली की क्षार साचलेत असं समज. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर, खोलवर पाणी दे, म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातात.

भाज्यांसाठी मात्र मडकी पुर. दुष्काळी भागात आपल्याकडेही हे करतात, इथे त्याला ओया म्हणतात. बिनरंगाच्या मातीच्या कुंड्या घे, तळाचं भोक बुचाने घट्ट बंद कर, तोंड तेवढं वर ठेवून पुर, पाण्याने भर आणि बशीने झाक, नाहीतर डास होतील. पाणी भिंतीतून झिरपत मुळांपर्यंत पोचतं, उन्हाला त्यातलं फारसं मिळत नाही. कुंड्या विकत घ्यायच्या आधी मला फोन कर, माझ्याकडे चार रिकाम्या आहेत.

तुझी,
काकू