वजन का वाढत नाही?

प्रश्न : मी परभणीचा, वय २२, वजन ५२ किलो. सहा महिने नियमित वजने उचलतो आहे, तरी अंग भरत नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या व्यायामात खंड नाही, त्यामुळे कमतरता बहुधा ताटात असावी. शरीर रोज जितकी ऊर्जा खर्च करते त्यापेक्षा साधारण ३०० ते ५०० कॅलरी अधिक मिळाल्या, तर नवे स्नायू बांधण्यास वाव राहतो. प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे आपल्यासाठी ८० ते ८५ ग्रॅम हवीत. त्यासाठी प्रोटीन पावडरचे महागडे डबे घेण्याची गरज मला वाटत नाही, कारण ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून सुमारे २५ ग्रॅम आणि अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम प्रथिने मिळतात, उरलेली भर ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी सहज घालतात. उठाबशा व डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहणे) यांत योग्य ढब सांभाळून वजन हळूहळू वाढवत न्या. तेच ओझे महिनोन्महिने उचलल्यास स्नायूंना वाढण्याचे कारण उरत नाही. आठवड्याला पाव किलो वाढ पुरेशी आहे. मात्र भरपूर खाऊनही वजन घटू लागले, तर थायरॉइड व रक्तशर्करेची तपासणी विनाविलंब करून घ्या.